सावलीसाठी राखलेलं झाड

फळाच्या हिरव्या सालीवर एक तपकिरी ठिपका, टाचणी टोचल्याएवढा... श्रीराम तो अंगठ्याच्या नखाने खरवडून पाहतो, धुळीचा असेल म्हणून. नसतो. नख आत जातं, गर मऊ लागतो आणि बियेच्या कडेला अळी वळवळते, पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. तो फळ खिशात टाकतो. खिशात अशी मूठभर साठली आहेत, सुनेत्राला दिसू नयेत म्हणून. या वयात मी बायकोपासून अळ्या लपवतोय.

"किती निघाली किडकी?" झाडाच्या पलीकडून सुनेत्रा विचारते. प्लास्टिकची फणी ती फांदीतून ओढते आणि ऑलिव्ह टपटपत खालच्या जाळीवर पडतात.

"एखाददुसरं."

"गेल्या वर्षीही एखाददुसरंच होतं."

गेल्या वर्षी तेलघाण्याच्या मालकाने अर्धा माल परत पाठवला होता. यंदाही किडका आला तर गाडीतून उतरवूनच घेणार नाही, असं त्याने फोनवर सांगितलं, अजिबात आवाज न चढवता, आणि कारणही सांगितलं. शेताच्या टोकाचं ते एक झाड, कधीच न छाटलेलं. शेंड्यावरच्या फळांपर्यंत कुणाचा हात पोचत नाही, ती तिथेच पिकून सुरकुततात, त्यांत माशी वाढते आणि मग बाकीच्या झाडांवर उतरते. सुनेत्राचं म्हणणं साधं आहे – या हिवाळ्यात ते झाड काप, नाहीतर शेत विकू, माझ्याच्याने आता होत नाही. मुलीचं, केयाचं, त्याहून साधं. "बाबा, इट्स जस्ट अ ट्री."

जस्ट अ ट्री... फेब्रुवारीतला चिखल, पेन्सिलीएवढी रोपं, आणि शहरातून, सनीव्हेलहून, गाड्या भरभरून आलेली मित्रमंडळी. प्रत्येक कुटुंबाने एक रोप लावायचं आणि त्यांच्याच नावाने ते झाड ओळखायचं. कल्पना श्रीरामचीच. सुमंत ऑफिसचे बूट घालून आला होता, खड्ड्यात रोप तिरकं धरून म्हणाला होता, "हे बघ, माझ्या झाडाला कात्री लावायची नाही. फळं तू खा, मला सावली पाहिजे. रिटायर झालो की खाली खुर्ची टाकून तुझ्या शेतीला नावं ठेवत बसणार." सगळे हसले होते. पण रिटायर होण्याच्या आतच, एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार अर्धवट उघडं... त्या हिवाळ्यात श्रीराम एकेक झाड छाटत टोकाला आला आणि तिथून परत फिरला. पुढच्या हिवाळ्यातही. सुमंतची बायको प्रतिमा तेव्हा मुलाकडे, दूर बॉथेलला राहायला गेली होती, पण कधीतरी ती येईल आणि आल्याआल्या ते झाड शोधेल. तेव्हा तिला काय दाखवायचं, खोडावरचे घाव?

आज ती आली आहे. डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवत म्हणते, "अगंबाई, केवढा वाळलास! तू शेती खातोस की शेती तुला?"

"दोन्ही चालू आहे," सुनेत्रा म्हणते.

प्रतिमा ओळींमधून हळूहळू चालते, गुडघ्यावर हात ठेवून, आणि श्रीराम मागे. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं आहे. पण ती मध्येच थांबते. समोर एक बुटकं, पसरट झाड, दरवर्षी नीट छाटलेलं, हाताशी फळांनी लगडलेलं. हे चंद्रशेखर-रेखाच्या नावाचं. ती खोडावर तळवा टेकवते. बराच वेळ.

"हे आमचं ना?"

सुनेत्राची फणी थांबते.

"हो," श्रीराम म्हणतो.

"काय छान ठेवलंयस रे." ती डोळे पुसते, नाक पुसते, आणि मग हसते. "आण ती फणी इकडे. आमचं आम्हीच तोडणार." थोड्या वेळाने मान वर करून टोकाकडे बघते. "आणि ते कुणाचं, एवढं वाढवून ठेवलंय?"

"ते... राहिलंच छाटायचं."

सुनेत्रा त्याच्याकडे बघते. तिच्या नजरेत जिंकल्याचं काही नाही, नुसता थकवा आहे, आणि तो त्याच्या ओळखीचा आहे.

दुपार कलल्यावर क्रेट गाडीत चढतात. घाणा बंद व्हायच्या आत पोचायला हवं. माल घेतील की परत पाठवतील, ते तिथे गेल्यावर. शेवटची जाळी गुंडाळायला तो टोकाला जातो. सुमंतच्या झाडाखाली गार आहे. एक खुर्ची सहज मावेल एवढी दाट सावली पडलीय, आणि इतक्या वर्षांत आपण एकदाही इथे बसलो नाही हे त्याच्या आत्ता लक्षात येतं. प्रतिमासाठी राखलं म्हणावं तर ती तिच्या झाडाला भेटून मोकळी झाली. सुमंतसाठी म्हणावं तर... सुमंत ते थट्टेत बोलला होता. मग मी इतके हिवाळे इथून कुणासाठी परत फिरलो?

सुनेत्रा हॉर्न वाजवते. तो हलत नाही. खिशातली फळं बोटांना चिकट लागतात. वर पाहताना त्याला पहिल्यांदाच दिसतं की दुसऱ्या बेचक्याच्या वरची ती जाड फांदी गेली तर आत ऊन येईल, आणि तिच्यामागची वाकडीही काढावी लागेल. हात अजून खिशातच आहे, पण डोळे एका फांदीवरून दुसरीवर जातात, कुठे अडत नाहीत.