सुवर्णा कुठून बोलते

सुवर्णा हाक मारते आणि मी नेमका भलतीकडे बघतो. गेले तीन आठवडे हेच चाललंय. साठी उलटल्यावर माणसाने स्वतःच्याच घरात स्वतःची बायको शोधत फिरायचं, याचा मला भयंकर राग येतो.

लहानपणी कान फुटला आणि डाव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ बंदच झालं. लग्नानंतर सुवर्णाने आठवड्याभरात ते ओळखलं आणि माझी उजवी बाजू धरली. जेवताना, चालताना, लोकांच्या लग्नात, ती कायम उजवीकडे. ती कुठे आहे, हा प्रश्न चाळीस वर्षांत मला पडलाच नाही.

मग सून करिष्माने हट्टाने ठाण्याला नेऊन डाव्या कानाला मशीन लावून आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज जवळच्या कानात आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित उशिरा. मेंदूच्या देठाशी तो फरक ताडला जातो, म्हणून दिशा कळते. तुमच्या देठाला ती सवय उरलेली नाही, तर आता सराव करा, बाईंना डावीकडून बोलू द्या. वांग्याला देठ असतो ते ठाऊक होतं, मेंदूलाही असतो हे नवीनच.

तेव्हापासून सुवर्णा डावीकडे चालू लागली. काल दापोड्याला आमच्या गोदामाकडे जाताना एक कंटेनर रिव्हर्स येत होता. सुवर्णा "थांबा" म्हणून ओरडली. दोन्ही कानांनी लख्ख ऐकू आलं. मी तिला शोधत उजवीकडे वळलो, एक पाऊलही टाकलं, आणि समोर ती नाही, कंटेनर. तिने डाव्या हाताला धरून मला मागे ओढलं.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत आलो. घाबरलो होतो, म्हणून तिच्यावरच डाफरलो. हे मशीन आजच काढून फेकतो, एका कानाने काय वाईट चाललं होतं, असं म्हणालो.

"काढू नका," ती म्हणाली. "चाळीस वर्सं मी तुमचे उजवीकडं हाय. मना एकदा मागून हाक मारायची हाय, नि तुमी माझेकडं वळायचं हाय."

ती चालत मागे गेली. मी समोर गोदामाच्या पत्र्याकडे बघत उभा राहिलो. तिने हाक मारली. आवाज सगळीकडूनच आला. मी अंदाजाने वळलो, तर तिथे एक रिकामा टेम्पो उभा होता.

"परत मार गो," मी म्हणालो.