डोरोथी टीचरचा भूतकाळ

मित्रांनो, वाकोल्यातल्या एका घरात शोकेसवर बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण गाणी वाजवू. पण मला डोरोथी टीचरने घेतलं, आणि मी स्पॅनिश बोलू लागलो.

डोरोथी घरीच शिकवणी घ्यायची. सरावासाठी तिने स्पॅनिश क्रियापदांचा भूतकाळ माझ्या टेपवर बोलून ठेवला. "आब्लार म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' काढा, 'ए' लावा. मी बोलले, आब्ले." मग मुलांनी म्हणावं म्हणून ती जरा थांबायची. "तू बोललास, आब्लास्ते." पुन्हा थांबायची. त्या रिकाम्या जागेत सगळी खोली घुमायची. "टीचरपेक्षा हाच बरा, ओरडत नाही," असं मुलं म्हणायची आणि मी फुगायचो.

मग डोरोथी आजारात गेली. शिकवणी बंद पडली. माझ्यावर धूळ साचली.

एका संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, क्लेमेंटने, माझी कळ दाबली.

"मी जेवले, कोमी," तिचा आवाज आला आणि थांबला.

क्लेमेंटला वाटलं, ती उत्तराची वाट बघतेय. तो हळूच म्हणाला, "मी नाही जेवलो गं."

"तू जेवलास, कोमिस्ते."

तो उठला आणि खरंच जेवला. दुसऱ्या दिवसापासून तो दोन ताटं वाढू लागला. कोणी आलं तर म्हणायचा, "डोरोथी आत आहे." मित्रांनो, मला माझीच भीती वाटू लागली. माझ्यात तिचा आवाज होता, ती नव्हती.

त्यांची मुलगी नॅटली भांडुपहून आली आणि ते दुसरं ताट आणि त्याच्यापुढे मांडलेल्या मला पाहून हादरली.

"पप्पा, ममा गेली रे! हा डबा मी फेकून देते."

"हात नको लावू. ती शिकवते अजून."

"शिकवते नाही, पप्पा. शिकवायची."

तिने मला उचललं आणि चुकून कळ दाबली गेली.

"मी जगले, बिबी."

नॅटली मला मांडीवर घेऊन खालीच बसली. आई गेल्यापासून तिने हा आवाज ऐकला नव्हता. लहानपणी वर्गात म्हणायची तसं ती पुटपुटली, "बिबी."

"तू जगलास, बिबिस्ते."

"बिबिस्ते," ती म्हणाली.

"ती जगली, बिबिओ."

आता तिने पप्पांकडे पाहिलं. टेप नुसतीच खरखरत राहिली. तेव्हा क्लेमेंट म्हणाला, "बिबिओ. जगली गं. चांगली जगली." आणि डोरोथीच्या मरणानंतर पहिल्यांदाच तो रडला. मग त्याने ते ताट स्वतःच उचलून आत नेलं.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, आमच्यात कोणाचा तरी आवाज असतो. पण गेलेल्या माणसाच्या जागी आम्हाला बसवू नका. वाट बघणाऱ्याला आम्ही तीच ती वाक्यं ऐकवत राहतो, आणि आम्हाला आपणहून थांबताही येत नाही.