दुसऱ्या अंकातला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. घाबरू नका, मी कागदाचा आहे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात; मी तर विटेपेक्षाही मऊ.

माझा जन्म सोलापुरात, दानम्माच्या घमेल्यात झाला. तिने जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली, मेथ्या वाटून त्यात कालवल्या, तो लगदा पालथ्या मडक्यावर थापला आणि वाळल्यावर वरून काळा रंग फासला. तिचा नवरा विरुपाक्ष चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी नाटकात नायक व्हायचा. त्या नाटकासाठीच मला घडवलं. शेजारच्या शिवबाईंनी मला उचलायला कंबर कसली, श्वास रोखला, आणि मी टोपीसारखा वर आलो! दानम्मा हसून हसून खाली बसली. तेवढं कौतुक मला पुढे टाळ्यांनीही मिळालं नाही.

नाटक साहसाचं होतं. दुसऱ्या अंकात खलनायक मला कड्यावरून नायकाच्या डोक्यात घालायचा. हा खलनायक म्हणजे ईश्वरप्पा, विरुपाक्षाचा जिवाभावाचा दोस्त. विरुपाक्ष मागच्या मागे कोसळायचा, नायिका रत्नमाला रडत रडत गाणं म्हणायची, आणि गाणं संपलं की तो उठून विचारायचा, "मी कुठं आहे?" त्याची स्मृती गेलेली असायची. तिसऱ्या अंकात मी पुन्हा डोक्यात बसलो की सगळं परत जागच्या जागी! "रत्नमाला!" अशी हाक मारून तो लगेच तलवार उपसायचा. ना चक्कर, ना ओकारी, ना दवाखाना. साहसकथांतल्या वीरांची डोकी बघा, अशीच असतात. लोखंडी कांब बसली तरी तोंडावर पाणी मारलं की स्वारी थेट घोड्यावर. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. गावोगावच्या जत्रांत मी पडलो, तो उठला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग जुळे सोलापूरच्या एका कॉलनीत गणपतीतला प्रयोग ठरला. विरुपाक्ष ज्या गादीवर पडायचा, ती कार्यकर्त्यांनी उचलून पेटीवाल्याला बसायला दिली होती. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी नेहमीसारखा त्याच्या डोक्यावर 'थप' आपटलो. तो नेहमीसारखा कोसळला, आणि 'ठक्' असा आवाज आला. तो माझा आवाज नव्हता. स्टेजच्या लोखंडी कडेवर त्याचं डोकं आदळलं होतं.

मी त्याच्या उशाशीच पडलो होतो. गाणं संपलं तरी तो उठेना. नायिकेने शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मी कुठं आहे?" इतकं खरं त्याने ते कधीच म्हटलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसरा अंकही त्याने तडीस नेला. प्रयोग संपल्यावर दानम्मा धावत आत आली.

"लई येळ पडून ऱ्हायला अवो. लागलं काय?"

"काय न्हाय गं. रोजचंच की."

ईश्वरप्पाने त्याचं डोकं चाचपून पाहिलं. "रगात न्हाय, टेंगूळ न्हाय. वैनी, आज गड्यानं जीव ओतला बगा!"

रिक्षात विरुपाक्षाला उलटी झाली. मंडळाच्या भज्यांवर खापर फुटलं. घरी आल्यावर डोकं ठणकतंय म्हणाला, म्हणून दानम्माने बाम चोळून त्याला निजवलं. सकाळी हाका मारल्या तर तो उठेना. दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "शुद्ध गेली तेव्हाच का नाही आणलंत?"

दानम्मा म्हणाली, "सायेब, ते तर परत्येक खेळाला बेशुद्ध पडत्यात की!"

नाटक बंद पडलं आणि मी तिच्या घरच्या माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. खाली दाराशी खाटेवर विरुपाक्ष बसलेला दिसे. भरवलं तर जेवायचा, उठवलं तर उठायचा. बोलायचा नाही, आणि दानम्माकडे परक्या बाईकडे पाहावं तसा पाहायचा.

एके दिवशी ईश्वरप्पा आला. माळ्यावर माझ्याकडे बघत म्हणाला, "वैनी, तिसऱ्या अंकात काय हुतं?"

"येडं झालासा काय भावजी? डागदर म्हनले, गेलेलं परत येत न्हाय."

"कागदाचाच हाय की. लागनार थोडंच. एक डाव बगू तर."

दानम्माने मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या डोक्यावर अलगद सोडलं. विरुपाक्षाने पापण्या फडफडवल्या. "मी कुठं आहे?"

"बोलले! भावजी, बोलले!" दानम्मा रडत होती, हसत होती. मला तिने छातीशी धरलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण होता, कारण मला पुढचं कळलं होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती त्याच्या कपाळाला विभूती लावते आणि मला त्याच्या डोक्यावर टाकते. तो विचारतो, "मी कुठं आहे?" ती तोंड जवळ नेते. "आपल्या घरात अवो. मी कोन? नाव घ्या की माजं." तो भिंतीकडे बघतो. त्याचा दुसरा अंक संपतच नाही. डॉक्टरांनी तिला पुन्हा समजावलं. ती मान डोलावून घरी आली आणि माझा कुरतडलेला कोपरा लगद्याने बुजवून टाकला.

मित्रांनो, गोष्टीतला नायक उठतो, कारण पुढचं पान लिहायचं असतं. तुमच्या घरातलं माणूस डोक्यावर पडलं, क्षणभर जरी शुद्ध गेली, तर रक्त शोधत बसू नका. ते हसलं, चाललं, "काय न्हाय" म्हणालं, तरी त्याचं ऐकू नका. आधी दवाखाना गाठा. डोकं एकच असतं आणि त्याला तिसरा अंक नसतो. हे मी दानम्माला सांगू शकलो नाही, निदान तुम्हाला तरी सांगतो. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला फुटला तर माझा पुन्हा लगदा होईल, म्हणून मी तेवढंही करत नाही.

दिवेलागण झाली. दानम्मा स्टूल घेऊन माळ्याशी आली आहे. मी कागदाचा आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी ती मला दोन्ही हातांनी, श्वास रोखून उचलते आहे, खरा दगड उचलावा तशी.