भिंतीकडची वाट

“ही बाकं दोन्हीकडे सरकवली तर मध्ये छान वाट होईल,” नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, आणि मिस्त्रींच्या हातातलं बटण हातातच राहिलं.

समोर पाटावर चर्चचा खडूने काढलेला नकाशा होता. बारा रांगा, भिंतीलगत दोन अरुंद वाटा, मध्ये बाकंच बाकं. मोठं पांढरं बटण म्हणजे नवरी, काळं म्हणजे तिचा बाप, बारीक बटणं म्हणजे फुलं घेऊन जाणाऱ्या मुली. गेली अठ्ठावीस वर्षं या चर्चमधल्या प्रत्येक लग्नाची मिरवणूक याच पाटावर ठरत आली होती. बाकांची दुरुस्ती करायला आलेला हा सुतार पुढे तिथलाच झाला. कुठल्या रांगेपाशी सुरांचा कोणता तुकडा संपतो, कुठल्या खांबाआड उंच पाहुणे बसवायचे, सगळं त्यांना पाठ होतं. लोक पाहुण्यांची यादी करायच्या आधी मिस्त्रींना गाठत.

“बाकं जमिनीला जखडलेली आहेत,” मिस्त्री म्हणाले.

“स्क्रू काढता येतात ना?”

“येतात. पण मग बाक लंगडं होतं. बसणाऱ्याला कळतं.”

“अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे! भिंतीकडच्या वाटेने नवरी पुढे आणि बाप मागे, हे काय दिसणं झालं? ती जातेय आणि हा तिला हाकतोय असं वाटतं.”

आत्याबाईंचं चुकत नव्हतं. ती वाट एका माणसापुरतीच होती. इतक्या वर्षांत या चर्चमध्ये एकही बाप मुलीच्या शेजारून चालला नव्हता. पण यावेळी नवरी मिस्त्रींची एकुलती एक लेक होती आणि मिस्त्रींना तीच अरुंद वाट हवी होती. दीड वर्षापासून काचबिंदूने त्यांची नजर खात आणली होती. समोरचं नळीतून बघावं तेवढंच दिसे, तेही धुरकट. भिंतीकडच्या वाटेने बाकांच्या कडांवर हात ठेवत ते झोपेतही चालले असते. लेकीला पोचवलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

बायकोला माहीत होतं. लेकीला नव्हतं. ती नोकरीच्या गावी राहायची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर परदेशी जायची होती. हे कळलं असतं तर ती गेली नसती. तिचा स्वभाव बापावरच गेला होता.

“बाबा,” लग्नासाठी घरी आलेली, पाटापलीकडे बसलेली लेक म्हणाली, “दुसऱ्यांच्या मुलींसाठी तुम्ही खांबसुद्धा हलवला असतात. माझ्या वेळी बाक लंगडं होतं?”

मिस्त्रींनी बटणं डब्यात भरली. लेकीला दुखावणं सोपं नव्हतं, पण यावेळी ते करूनही काही साधलं नाही. आत्याबाई थेट फादरांकडे गेल्या आणि फादर, ज्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे, हो म्हणाले.

तालमीच्या दिवशी दुपारी बाकं सरकलेली होती. स्क्रू मिस्त्रींनीच काढले, बोटांनी चाचपून. आपल्याच हातांनी आपलीच वाट बुजवली म्हणून दिवसभर ते घुश्शात होते. बायकोने चहा आणून दिला तोही गार झाला.

“सांगून टाका तिला,” बायको म्हणाली.

“सांगितलं की संपलं. तिकीट रद्द करून येऊन बसेल घरी. मग मी काय तोंडाने तिच्याकडे बघू?”

“तसंही तुम्हाला कुठे दिसतंय,” बायको म्हणाली, आणि दोघंही हसली. मग तिने डोळ्याला पदर लावला.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी सुरुवात केली. लेकीने बापाच्या हातात हात घातला. “चला, आज तुम्ही माझ्या शेजारी.” आवाजात राग नव्हता. तेवढ्यानेच मिस्त्री पाघळले.

पहिल्या काही रांगा बऱ्या गेल्या. दोन्ही बाजूंना नुसती मोकळी हवा. हाताला ओळखीचं लाकूड नाही. होती ती फक्त लेकीची कोपरापाशी गरम लागणारी बाही. मिस्त्री पाऊल टाकत होते, पण कुठे टाकायचं हे तिचा हातच सांगत होता. सहाव्या रांगेपाशी घोळदार झग्याऐवजी नेसलेली जुनी चादर सावरायला लेकीने हात सोडला. मिस्त्री दोन पावलं तिरके गेले आणि बाकाच्या कोपऱ्यावर मांडी आपटून थांबले.

“मिस्त्री, स्वतःच्याच बाकाशी भांडण?” ऑर्गनवाल्या बाई वाजवणं थांबवून म्हणाल्या. दोघंतिघं हसली.

“फरशीला पॉलिश जास्त झालंय,” मिस्त्री म्हणाले.

लेक हसली नाही. तिने चादर तिथेच टाकली, सगळ्यांना चहाला पाठवलं आणि बापाला बाकावर बसवून त्याच्यासमोर उकिडवी बसली.

“किती बोटं आहेत?”

“हा काय पोरखेळ?”

“बाबा, किती?”

“तीन.”

तिने हात वर केलेलाच नव्हता. तिने त्यांचा तळवा दोन्ही हातांत धरला तेव्हा मिस्त्रींना ते कळलं.

“केव्हापासून?”

“दीड वर्ष. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं राहील. बहुतेक.”

“आणि म्हणून तुम्हाला भिंत हवी होती.”

“मला तुला न्यायचं होतं, बाई. तू मला न्यायचं नव्हतं.” मिस्त्रींनी हात सोडवून घेतला. “आणि तू जायचं आहेस. रद्द केलंस तर मी लग्नाला येणारच नाही, सांगून ठेवतो.”

ती बराच वेळ रडली. मिस्त्री तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. मग तिने नाक पुसलं आणि तिच्यातला हट्टी सुतार जागा झाला.

“जाईन. पण रोज फोनवर खरं सांगायचं. आणि उद्या मधूनच जाऊ.”

“लोकांना कळेल.”

“काही कळत नाही. त्या दिवशी सगळ्याच बापांचे हात घट्ट असतात. तुम्हीच तर पाहिलेत इतके.”

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. ऑर्गन सुरू झाला, फुलांवाल्या मुली गेल्या, आणि या चर्चमध्ये पहिल्यांदाच एक बाप मुलीच्या शेजारून चालू लागला. मिस्त्री ताठ चालले. लेकीचं पाऊल जरा मागे राही, म्हणजे बाप नेतोय असं दिसावं. वळणाची, थांबण्याची खूण ती कोपराने करी. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, “बघा, मध्ये वाट केली म्हणून कसं शोभलं.”

पहिल्या रांगेपाशी वाट संपली. तिथून वेदीच्या पायऱ्यांपर्यंत मोकळी जागा होती. ठरल्याप्रमाणे मिस्त्रींनी पुढे जाऊन मुलीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि मग मागे येऊन बसायचं होतं. ते मागे येणं एकट्याचं होतं. मिस्त्रींना रात्रभर त्याचीच धास्ती होती.

लेक तिथेच थांबली. पुढे आलेल्या नवऱ्याला तिने मानेनेच जागेवर राहायला सांगितलं. मग ती बापाकडे वळली, त्याला पहिल्या बाकापाशी नेलं, आईच्या शेजारी अलगद बसवलं, आणि त्याचा तळवा बाकाच्या कडेवर ठेवला.

“बसलात नीट?”

“हो. जा तू.”

मिस्त्रींना तिचा पांढरा रंग तेवढा दूर जाताना दिसला, मग तोही धुरात मिसळला. त्यांनी मान खाली घालून तिच्या बुटांचा आवाज ऐकला. वेदीला तीन पायऱ्या होत्या. तिसरी बोटभर उंच होती आणि तिथे नवऱ्या हटकून अडखळत, म्हणून प्रत्येकीला ते आधी बजावत. हिला सांगायचं राहून गेलं होतं.

एक. दोन. मिस्त्रींनी बाकाची कड घट्ट धरली. तीन.

आवाज पुढे गेला, आणि थांबला.

“पोचली?” त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

“पोचली,” ती म्हणाली.