दूध थोरलीनं ठेवायचं

"अक्का, दूध तुमीच ठिवायचं. थोरल्या तुमी," रोहिणी दारात येऊन म्हणाली, आणि चांगुणाबाईच्या पोटात दुखायला लागलं.

धाकट्या जावेची आज घरभरणी. सेलूत जागेचे भाव चढत गेले तसा दोघी जावांचा संसार एकाच प्लॉटवर, पुढं-मागं, पत्र्याखाली चाललेला. आता मागं रोहिणीचं घरकुल, चांगलं स्लॅबचं. पुढं चांगुणाबाईचे पत्रे, तेही गळके.

खरं तर सरकारी घरकुल दोघींनाही मिळायचं होतं. पण सर्वेक्षणाचा माणूस आला, नेमके त्याच दिवशी चांगुणाबाईच्या लेकीला, सविताला, बघायला ताडकळसचे पाहुणे यायचे होते. मोटारसायकलवरून उतरलेला तो इस्त्रीच्या कपड्यातला माणूस तिला मुलाचा मामाच वाटला. पोहे झाले, चहा झाला.

"घर हेच का?" त्यानं विचारलं.

"हे तात्पुरतं बगा. मोंढ्याकडं स्लॅबचं हाय की! किरायानं दिलंय," चांगुणाबाईनं ठोकून दिलं. त्यानं ते मोबाइलात भरलं. हल्लीचे सोयरे असंच करत असतील, असं तिला वाटलं.

मागच्या खोलीत रोहिणी म्हणाली, "आमचं कुटंच काय न्हाई सायेब. हे पत्रे तेवढे." पाहुण्यांपुढं लाज घालवली म्हणून चांगुणाबाई तिला संध्याकाळी खरे पाहुणे येईपर्यंत बोलत होती.

पुढं रोहिणीला घर मंजूर झालं, हिला नाही. नवऱ्यानं, चंद्रभाननं, कचेरीत किती खेटे घातले. "हाय म्हणून सांगितलंस, आता न्हाई कसं म्हणावं?" एवढंच तो म्हणे.

चूक आपलीच, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर जास्त जळफळाट व्हायचा. मागं भिंतीवर पाणी मारायला लागले की ही पुढचं दार आपटायची.

नव्या स्वयंपाकघरात बायका जमल्या. चांगुणाबाईनं पातेलं ठेवलं. नासावं मेलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. दूध मात्र भराभर वर आलं आणि पूर्वेच्या अंगानं उतू गेलं. बायका खूश झाल्या.

चांगुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"धूर लय झालाय गं," ती म्हणाली.

शेगडी गॅसची होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"व्हय अक्का," रोहिणी म्हणाली, आणि तिनं खिडकी उघडली.