मखमलीवरचं निळं फूल

मित्रांनो, मी एक जुनी लाल मखमल आहे. इंग्लंडातल्या एका खेड्यात, चर्चच्या मेजावर अंथरलेली असते. पण स्वस्थ म्हणून कधी नसते! कात्री वाजली की आजही मला कापरं भरतं.

आधी मी थॉमसिनबाईंचा लग्नाचा झगा होते. त्यांची धाकटी लेक पर्नेल तापानं गेली, तेव्हा त्यांनी मला उसवून फादर हंफ्रींसाठी पूजेचा अंगरखा शिवला. काठावर पर्नेलच्या आवडीचं निळं फूल भरलं. दर रविवारी फादर मला अंगावर घेऊन लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आणि पर्नेलचं नाव घेत. त्या माउलीला तेवढाच आधार होता.

मग राजा बदलला आणि त्यानं पूजेची जुनी रीत मोडली. इंग्रजी प्रार्थनांचं नवं पुस्तक आलं, मेलेल्यांची नावं घेणं बंद झालं आणि जुने अंगरखे जप्त होऊ लागले.

"काकू, उद्या राजाची माणसं येताहेत," चर्चचा कारभारी गिल्बर्ट म्हणाला. "अंगरखा दिसला की गेलाच समजा."

"आणि मेजावरचं कापड दिसलं तर?"

"मेज झाकायला कापड लागतंच की. ते सोडतात."

"मग बघतोस काय? आण ती कात्री!"

मला कापून मेजाचं कापड करताना त्यांनी निळ्या फुलाचा काठ तेवढा जपला. "पोरी, सोस गं एवढं," त्या पुटपुटल्या.

माणसं आली, मला बघून निघून गेली. मी वाचले. पण रविवारी पर्नेलचं नाव काही आलं नाही.

"कापड राहिलं हो, फादर, पण माझी पोर गेली ना!" थॉमसिनबाई भडकल्या. "तुमच्या नव्या पुस्तकात तिला जागाच नाही!"

"बाई, जरा ऐका तरी." फादरांनी त्यातली एक प्रार्थना सावकाश इंग्रजीत वाचली.

"अगंबाई! ही तर आपली जुनीच! जन्मभर ऐकली, पण आज कळली."

"बरीचशी जुनीच आहे. नाव मात्र मला घेता येत नाही." एवढं बोलून त्यांनी निळ्या फुलावर हात ठेवला आणि ते गप्प उभे राहिले. पुढे दर रविवारी ते तसेच थांबत आणि थॉमसिनबाई डोळे पुसत.

आता ती दोघंही नाहीत. परवा नवे फादर म्हणाले, "काठ विरलाय, कापून टाका." तेव्हापासून जीव नुसता टांगणीला लागलाय. मित्रांनो, मला रफू करा, हवं तर ठिगळ लावा, पण तो काठ तेवढा कापू नका. पर्नेलची आठवण असलेली आता मी एकटीच उरले आहे.