पिवळ्या डब्याचा रिपोर्ट

“पयल्यापासनं वाच. एक ओळबी गाळू नको,” दादाभाऊ म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मोहिनीने कागदाची घडी उलगडली, पण वाचायला काही सुरुवात केली नाही. “आप्पा, आधी जरा घरात येता का?” तिने बापाला विचारलं.

“घरात कशाला? ज्यांनी ऐकायचं ती मानसं हितं हायेत.”

माणसं होती खरी. शिनोलीच्या फाट्यावर दादाभाऊच्या गॅरेजसमोर पाच-सहा जीपवाले जमले होते. कोणी टायरवर बसलेलं, कोणी बॉनेटला टेकलेलं. घोडेगावपासून वर भीमाशंकर-आहुप्यापर्यंत प्रवासी नेणारी ही मंडळी. सकाळच्या धंद्याच्या वेळेला एरवी एकमेकांना ओळख न देणारी माणसं आज गाड्या बंद करून थांबली होती, कारण दादाभाऊनेच एकेकाला निरोप धाडला होता. सगळ्यांच्या मागे, जांभळीच्या झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या बंद जीपला पाठ लावून जानकू उभा होता. या सगळ्या प्रकरणात जीव अडकला होता तो त्याचा.

दादाभाऊ बत्तीस वर्षं मिस्त्री. त्याची तपासणीची रीत सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. डिपस्टिक बाहेर काढायची, ऑइलचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने सावकाश चोळायचा, आणि डोळे मिटायचे. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा तो इतके मनापासून डोळे मिटत नसे. मग निकाल यायचा, “उतरलंय, बदल,” नाहीतर, “आजून हजार किलोमीटर काढील.” त्या निकालावर अपील नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नारायणगावच्या एका दुकानात त्याला एक स्वस्तातलं ऑइल दिसलं. पिवळा डबा, वर कुठल्याशा न ऐकलेल्या कंपनीचं नाव. टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या ऑइलच्या निम्म्या भावात. त्याने डबा फोडायला लावला, थेंब चोळला, डोळे मिटले आणि म्हणाला, “माल चोख हाये.” तेव्हापासून या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या जीपांच्या पोटात पिवळा डबा जाऊ लागला.

आणि तीन आठवड्यांपूर्वी जानकूची जीप आहुप्याच्या चढाला, चौदा माणसं आणि तांदळाची दोन पोती घेऊन चढताना, एकाएकी आवाज करून थांबली ती थांबलीच. इंजिन जाम. माणसं सुखरूप उतरली, पुढचं चालत गेली. जीप दोराने ओढत खाली आणली. दादाभाऊने इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन आणि सिलिंडर ओरबाडून निघाले होते. पुन्हा उभं करण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण पिवळ्या डब्याने जानकूचं इंजिन खाल्लं, असं घोडेगावच्या स्टँडपर्यंत झालं. फाट्यावरून जाताना हॉर्न वाजवून हात करणारे जीपवाले आता सरळ पुढे बघत जाऊ लागले. दोघांनी तर गाड्या कामाला नारायणगावला नेल्या. दादाभाऊला हे लागलं. त्याला जेवण जाईना. “ऑइल चांगलं हाये गं,” तो बायकोला, इंद्रायणीला, दिवसातून दहा वेळा सांगायचा. ती म्हणायची, “अवो, मी कवा खराब म्हनलं?”

शेवटी त्याने मोहिनीला फोन केला. त्याची ही एकुलती एक मुलगी केमिस्ट्रीत बीएस्सी होऊन भोसरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. मोठमोठ्या कारखान्यांच्या मशिनांतलं ऑइल बाटल्यांतून तिथे यायचं आणि त्यात काय काय मिसळलंय ते मोहिनी आणि तिथल्या पोरी मशिनवर काढायच्या. दादाभाऊ तिला चिडवायचा, “एवढी लाखाची मशिनं घेऊन शेवटी करता काय, तर त्याल चोळता.” त्याच दादाभाऊने आता तिला बोलावून घेतलं आणि दोन बाटल्या भरून दिल्या. एक जानकूच्या इंजिनातून काढलेल्या ऑइलची, एक नव्या, न फोडलेल्या पिवळ्या डब्यातली.

त्या दोन बाटल्यांचा हा रिपोर्ट.

“वाच की,” दादाभाऊ म्हणाला.

मोहिनीने वाचलं. “नवीन ऑइल. दाटपणा मर्यादेत. पाणी नाही, भेसळ नाही.” तिने मान वर केली. “म्हणजे डब्यावर लिहिलंय तसंच आहे, आप्पा. स्वस्त आहे, पण खोटं नाही.”

“ऐका,” दादाभाऊ सगळ्यांना म्हणाला.

“वापरलेलं ऑइल. दाटपणा मर्यादेत. डिझेल मिसळलेलं नाही. पाणी नाही. ऑइल टिकावं म्हणून घातलेली औषधं अजून निम्म्याहून जास्त शिल्लक.” ती थांबली. “ऑइलनं शेवटपर्यंत काम केलंय. इंजिन ऑइलमुळे गेलेलं नाही.”

टायरवर बसलेला सुभाष उठून उभा राहिला. नारायणगावला गाडी नेणाऱ्या दोघांतला हा एक. “मंग! मी म्हनतच व्हतो, मिस्त्रीचा हात चुकायचा न्हाई!” त्याने असं काहीही म्हटलेलं नव्हतं, पण आता कोण आठवतंय. सगळे एकदम बोलायला लागले. इंद्रायणीने आतून चहाचे ग्लास आणले. वाफाळता चहा, काचेचे ग्लास. कोणी काठाला धरला, कोणी रुमालात घेतला. दादाभाऊने आपला ग्लास नेहमीसारखा अख्ख्या मुठीत धरला.

“बघा राव,” सुभाष म्हणाला, “हात न्हाई त्यो, पाना हाये पाना.”

हे कौतुक जुनंच होतं. गरम सायलेन्सरला हात लागला तरी मिस्त्री ‘स्स’ म्हणत नाही, कामाने हात राकट झालेत, असं पोरंटोरंही सांगायची. दादाभाऊलाही ते ऐकायला बरं वाटायचं. आज तर त्याची छाती चांगली वीतभर फुगली होती. त्याने ग्लास तोंडाला लावता लावता मोहिनीकडे पाहिलं, आणि पोरीचा चेहरा बघून थबकला.

ती कागदाची घडी घालत होती.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“खाली आजून लिवलंय ते?”

“ते आकडे आहेत नुसते. घरी सांगते.”

“मी काय सांगितलं व्हतं? एक ओळबी गाळायची न्हाई. उद्या ही मानसं म्हनतील, पोरगी बापाची, बापाच्या फायद्याचं तेवढं वाचलं.”

“आप्पा, नको ना.”

“वाच.”

तिने वाचलं. आवाज पार खाली गेला होता. “वापरलेल्या ऑइलमध्ये लोखंड फार. क्रोमियम, ॲल्युमिनियम फार. म्हणजे इंजिन घासलं गेलंय. आणि सिलिकॉन एकशे बावन्न. नव्या डब्यात ते पाच आहे. वीसच्या वर गेलं तरी आम्ही त्या कारखान्याला फोन करतो.”

“सिलिकॉन म्हंजी काय?”

“माती, आप्पा. धूळ.”

कोणालाच काही कळलं नाही. कळलं ते एकट्या दादाभाऊला. त्याने ग्लास खाली ठेवला आणि तो जांभळीखाली गेला. जानकू बाजूला झाला. दादाभाऊने बॉनेट उघडलं, एअर क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा हातभर लांबीचा रबरी पाइप दोन्ही क्लिपा सोडवून बाहेर काढला. वर्षभर डिंभ्याकडे रस्त्याचं काम चाललं होतं, मुरमाच्या धुळीने गाड्या लाल होत होत्या. फिल्टरमधून गाळून आलेली हवा या पाइपातून इंजिनात जाते. पाइपाला कुठे चीर पडली तर धूळ गाळणीला वळसा घालून थेट पोटात. ही चीर पडते ती नेमकी खालच्या अंगाला, क्लिपेच्या आड, जिथे डोळा पोचत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला दादाभाऊ त्या पाइपाच्या पोटाखालून बोट फिरवायचा. बाकीचे मिस्त्री वरून बघून सोडून देत. बोट फिरवणारा या भागात तो एकटा, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान.

आता त्याने भरदिवसा, सगळ्यांसमोर, पाइपाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा अंगठा फिरवला. बोटाला पाइप गुळगुळीत लागला.

मग त्याने पाइपाचं एक तोंड तळव्याने गच्च दाबलं, दुसरं आपल्या ओठांना लावलं, पाइप मोहिनीच्या गालाजवळ नेला आणि फुंकर मारली. पोरीच्या कानाजवळची बट हलली.

मोहिनीने पाइप हातात घेतला. क्लिपेच्या जागी तिचं बोट गेल्या गेल्या थांबलं. तिने रबर वाकवलं. पेराएवढी चीर आ करून उघडली, आत लाल धुळीची रेघ.

“मिस्त्री,” जानकू म्हणाला. इतक्या वेळात तो पहिल्यांदा बोलला. “तुमी दिवाळीला बोट फिरवलं व्हतं. मी उजेडाला बॅटरी धरली व्हती.”

“फिरवलं व्हतं.”

“मी इचारलं, पाइप बदलू का? तुमी म्हनला, काय गरज न्हाई.”

दादाभाऊला खोटं बोलता आलं असतं. चीर नंतर पडली असेल, एवढं म्हटलं असतं तरी जीपवाल्यांनी मान डोलावली असती, त्यांना तेच हवं होतं. पण चिरेच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. ती ताजी नव्हती, हे त्याला दिसत होतं. डोळे अजून चांगले होते त्याचे.

“बोटाला लागली न्हाई,” तो म्हणाला.

“म्हंजी?”

“बोटाला लागतच न्हाई काय. चिरबी न्हाई, खाचबी न्हाई. चटकाबी लागत न्हाई.” त्याने दोन्ही हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. “नट सुटून पडतो हातातनं, खाली वाजला का कळतं.”

“कधीपासून, आप्पा?” मोहिनीने विचारलं. दोन वर्षांपूर्वी घोडेगावच्या दवाखान्यात त्याला साखर निघाली होती. गोळ्या महिनाभर खाऊन त्याने बंद केल्या होत्या. तिने फोनवर विचारलं की तो म्हणायचा, घेतो.

“दीडेक वरीस झालं. मला वाटलं, कामानं हात राठ झालं. समदीच म्हनत व्हती.”

दीड वर्ष. जीपवाले एकमेकांकडे बघेनात. प्रत्येक जण मनातल्या मनात दीड वर्ष मागे गेला होता. या दीड वर्षात मिस्त्रीने डोळे मिटून कोणाच्या ब्रेकच्या पाइपावरून बोट फिरवलं, कोणाच्या चाकाचं बेअरिंग चाचपलं. सुभाषने चहा अर्धाच ठेवला आणि आपल्या जीपच्या पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला. काही वेळाने एकेक गाडी चालू झाली. जाताना सगळ्यांनी हात केला. फार दिवसांनी केला, आणि दादाभाऊला तो घ्यावासा वाटला नाही.

जानकू मागे राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. “मला म्हायती असतं,” तो हळू म्हणाला, “तर मी फिरवलं असतं बोट. माझ्या बोटाला लागतंय की.” एवढं बोलून तो रस्त्याला लागला, वरच्या वाडीकडे, पायी. ऑइल खराब निघालं असतं तर चूक कंपनीची ठरली असती आणि फसलेले म्हणून दोघं एका बाजूला राहिले असते. ते ऑइल चोख निघालं होतं.

जीप पुढच्या आठवड्यात नारायणगावच्या भंगारवाल्याने नेली. जानकू चाकणला एका गोदामात ठेकेदाराच्या हाताखाली लागला, तिथेच खोली करून राहतो म्हणे. मोहिनीने दादाभाऊला पुण्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने टाचणी टोचून टोचून बघितली, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, साखरेने बोटांच्या नसा मारल्यात, आहे ते टिकवायचं, गेलेलं काही येत नाही.

गॅरेज त्याने लगेच बंद केलं नाही. चाकांत हवा भरायची, पंक्चर काढायचं, एवढं ठेवलं. पंक्चरचं भोक बोटाने शोधायचं सोडून तो ट्यूब पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे बघत बसायचा. कोणी भोळा वाटसरू डिपस्टिक पुढे करायचा, “बघा की मिस्त्री,” तेव्हा तो फडकं द्यायचा आणि म्हणायचा, “तुमीच चोळून बघा, पावणं. काय वाटतंय सांगा.”

एकदा सुभाष हवा भरायला थांबला. इंद्रायणीने दोन ग्लास आणले. सुभाषने आपला रुमालात धरला. दादाभाऊचा हात सवयीने मूठ करून पुढे गेला, ग्लासाला लागायच्या आत थांबला. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची नीट चौघडी केली, तिच्यात ग्लास धरला आणि चटका लागणाऱ्या माणसासारखा फुंकून फुंकून चहा प्यायला लागला.